रोममधले लॅटिन शिलालेख कसे वाचायचे? अभ्यास सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहासाच्या विद्यार्थ्यांबरोबर मी रोमला जाते, त्याला आता बरीच वर्षं झाली. निघण्याआधीच्या बैठकीत पासपोर्ट, थंडीचे कपडे, शाकाहारी जेवण हे विषय संपले की कोणीतरी हात वर करून विचारतं, “मॅडम, तिथे जिकडेतिकडे लॅटिनमध्ये कोरलेलं असतं म्हणे. आम्हाला त्यातलं काय कळणार?” बरंच कळतं. फक्त तयारी इथून करून जावी लागते. बैठकीत आणि प्रत्यक्ष रोमच्या रस्त्यांवर मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

लॅटिनचा एक शब्दही येत नाही. तरी काही वाचता येईल का?

येईल. आपल्याकडच्या देवळाच्या पायरीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून’ असं कोरलेलं असतं. ज्याला ‘कै.’, ‘स्मरणार्थ’ आणि ‘यांजकडून’ हे तीन शब्द कळले, त्याला तसल्या शंभर पायऱ्या वाचता येतात, कारण बदलतात ती फक्त नावं. लॅटिन शिलालेखांचंही असंच आहे. साचा ठरलेला, शब्द मोजके, आणि निम्मे शब्द तोडून लिहिलेले.

पँथिऑन या प्राचीन देवळाच्या दर्शनी भागावरची ओळ घ्या. चौकात उभं राहिलं तरी लांबून दिसते: ‘एम. आग्रिप्पा एल. एफ. कॉस. तेर्तियुम फेकित’. ‘एम’ म्हणजे मार्कुस. ‘एल. एफ.’ म्हणजे लुकी फिलियुस, लुकियुसचा मुलगा. ‘कॉस’ म्हणजे कॉन्सुल, रोमचा सर्वोच्च अधिकारी, ‘तेर्तियुम’ म्हणजे तिसऱ्यांदा आणि ‘फेकित’ म्हणजे केलं, बांधलं. लुकियुसचा मुलगा मार्कुस आग्रिप्पा, तिसऱ्यांदा कॉन्सुल असताना याने हे बांधलं. एवढंच वाक्य आहे. नाव, बापाचं नाव, पद, आणि शेवटी क्रियापद. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तसंच इथे. त्यामुळे आपल्या मुलांना ही रचना परकी वाटत नाही.

नावांच्या खुणा पाठ करून जा. एम म्हणजे मार्कुस, एल म्हणजे लुकियुस, पी म्हणजे पुब्लियुस, क्यू म्हणजे क्विंतुस, टी म्हणजे तितुस. सी म्हणजे मात्र गायुस. हा जुन्या लिपीचा अवशेष आहे, त्या लिपीत ‘ग’साठी वेगळं अक्षर नव्हतं.

म्हणजे पँथिऑन आग्रिप्पाने बांधलं, असं वहीत लिहू का?

लिहू नका. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

आग्रिप्पाने या जागी इ.स.पू. २७च्या सुमारास देऊळ बांधायला घेतलं होतं, हे खरं. ते इ.स. ८०मध्ये जळालं. पुन्हा उभं केलं, ते इ.स. ११०मध्ये पुन्हा जळालं. आज आपण ज्या घुमटाखाली मान वर करून उभे राहतो, ती इमारत हाद्रियन बादशहाच्या काळात, इ.स. १२५च्या आसपास पुरी झाली. हे कळलं ते विटांवरून. रोमन विटांवर कारखान्याचे शिक्के असत आणि त्या शिक्क्यांवरून काळ काढता येतो. हाद्रियनने दर्शनी भागावर स्वतःचं नाव न घालता मूळ बांधणाऱ्याचं नाव ठेवलं. त्याच ओळीखाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी आहेत. सेप्तिमियुस सेव्हेरुस बादशहा आणि त्याचा मुलगा काराकाल्ला यांनी इ.स. २०२मध्ये दुरुस्ती केल्याचं त्यात लिहिलंय. त्या ओळींकडे कोणी बघतच नाही. बघाच.

शिलालेख हा पुरावा असतो, पण त्याआधी तो कोणाचा तरी दावा असतो. कोण बोलतंय, कोणाला सांगतंय आणि काय गाळतंय, हे तीन प्रश्न प्रत्येक दगडासमोर विचारा. त्रेव्ही कारंज्यावर सर्वांत वर पोप बारावा क्लेमेंट याचं नाव आणि १७३५ हे साल आहे. त्याने कारंजं ‘भव्य सजावटीने नटवलं’ असं तो लेख सांगतो. प्रत्यक्षात काम पुरं झालं १७६२मध्ये, तेराव्या क्लेमेंटच्या कारकिर्दीत. फक्त वरची तारीख टिपून गेलेला विद्यार्थी सत्तावीस वर्षांनी चुकतो.

अक्षरं तर इंग्रजीचीच दिसतात, मग शब्द का लागत नाहीत?

लिपी ओळखीची असल्यामुळेच फसगत होते. पाँपेईत एका मोठ्या घरासमोर, दाराशी रंगीत दगडांत चार अक्षरं बसवलेली आहेत: एच, ए, व्ही, ई. आमच्या गटातल्या एका मुलीने ती इंग्रजी म्हणून वाचली आणि ‘कशाजवळ काय आहे?’ असं विचारत राहिली. तो शब्द ‘हावे’ आहे. नमस्कार, या. जवळजवळ दोन हजार वर्षं तो उंबरठा येणाऱ्याचं स्वागत करतोय. ते कळल्यावर ती मुलगी खाली वाकली आणि तिनेही त्या उंबरठ्याला हात जोडून नमस्कार केला.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘यू’ आणि ‘व्ही’ या दोन्हींसाठी दगडावर ‘व्ही’च असतो. ‘जे’ नसतोच, त्याच्या जागी ‘आय’ येतो. आणि शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली नसते. असलाच तर दोन शब्दांच्या मध्ये, अक्षरांच्या निम्म्या उंचीवर एक टिंब किंवा छोटा त्रिकोण असतो. तो पूर्णविराम समजू नका. त्याने एक शब्द संपतो, वाक्य नाही.

उच्चार कसा करायचा?

अभ्यासाच्या पद्धतीत ‘सी’चा उच्चार नेहमी ‘क’. इटलीतले गाइड आणि चर्चमधली मंडळी मात्र ‘इ’ आणि ‘ए’च्या आधी त्याचा ‘च’ करतात. तुम्ही ‘फेकित’ म्हणाल, ते ‘फेचित’ म्हणतील. दोन्ही चालतं.

शाळेत संस्कृत होतं. त्याचा उपयोग होईल का?

खूप होईल. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत. पातेर आणि पितृ, मातेर आणि मातृ, सेप्तेम आणि सप्त, देकेम आणि दश, एस्त आणि अस्ति. कबरींवर हमखास येणारा ‘विक्सित’ म्हणजे ‘जगला’. त्याचं आणि आपल्या ‘जीव’चं मूळ एकच.

त्याहून मोठा उपयोग विभक्तीचा. फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या, टोकाला तितुस बादशहाची कमान आहे. तिच्यावर ‘दिवो तितो’ असं आहे, शेवटी ‘ओ’. ही चतुर्थी आहे. तितुसने कमान बांधली असा अर्थ नाही, तितुसला ती अर्पण केली आहे. अर्पण करणारे वरच्या ओळीत प्रथमेत उभे आहेत: सेनातुस पोपुलुस्क्वे रोमानुस. आणि ‘दिवुस’ हा शब्द ‘देव’चाच भाऊ. रोममध्ये बादशहा मेल्यावर सिनेट त्याला देवपद देई. त्यामुळे त्या एका शब्दावरून कमान इ.स. ८१नंतरची, म्हणजे तितुसच्या मृत्यूनंतरची, हे ठरतं. ज्या मुलांनी दहावीला मार्कांसाठी ‘रामः रामौ रामाः’ घोकलं, त्यांना त्या कमानीखाली त्याच घोकंपट्टीतून एक साल काढता आलं. ते करतानाचे त्यांचे चेहरे मी बघितलेत.

गटाराच्या झाकणावर ‘एस-पी-क्यू-आर’ का लिहिलंय?

तितुसच्या कमानीवरच्याच ‘सेनातुस पोपुलुस्क्वे रोमानुस’ची ती आद्याक्षरं, ‘सिनेट आणि रोमची जनता’. ‘क्यू’ म्हणजे ‘पोपुलुस्क्वे’मधला ‘क्वे’, आपला ‘आणि’. आजची रोम महापालिकाही हीच अक्षरं वापरते, म्हणून ती कमानीवरही आहेत आणि झाकणावरही.

आकडे कसे वाचायचे? चार ‘आय’ ओळीने आले तर ती चूक आहे का?

चूक नाही. कोलोसियमच्या बाहेरच्या कमानींवर दरवाज्यांचे क्रमांक अजून दिसतात. प्रेक्षकांनी कुठून आत शिरायचं, ते त्यावरून ठरे. ४४व्या दरवाज्यावर ‘एक्स-एल-आय-आय-आय-आय’ असं कोरलंय. चाळीससाठी वजाबाकीची पद्धत आणि चारसाठी बेरजेची, एकाच आकड्यात दोन्ही. शाळेत शिकवलेला कडक नियम नंतरचा आहे.

बाकी एम म्हणजे १०००, डी म्हणजे ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५. मोठा आकडा डावीकडून तोडत तोडत मोजा.

साल लिहिलेलंच नसेल तर काळ कसा ओळखायचा?

पोपच्या काळातल्या लेखांवर बहुतेक वेळा ‘आन्नो दोमिनी’ म्हणजे इसवी सन असतो आणि पुढे त्या पोपच्या कारकिर्दीचं वर्ष. सेंट पीटर्सच्या दर्शनी भागावर पाचव्या पॉलचं नाव, १६१२ हे साल आणि कारकिर्दीचं सातवं वर्ष आहे.

बादशाही लेखांत इसवी सन नसतो, पण पदांपुढे आकडे असतात. त्राजनच्या स्तंभाच्या पायथ्याचा लेख बघा. ‘त्रिब. पोत.’ म्हणजे त्रिबुनिकिया पोतेस्तास, जनतेच्या प्रतिनिधीचा अधिकार. या अक्षरांपुढे १७चा आकडा आहे. हा अधिकार बादशहाला दरवर्षी नव्याने मिळे. त्राजनला तो पहिल्यांदा इ.स. ९७मध्ये मिळाला. तिथून सतरावं वर्ष मोजलं की येतं ११३, आणि स्तंभाचं लोकार्पण त्याच वर्षी झालं. आपल्याकडे लेण्यांतल्या लेखांत ‘राजाच्या अमक्या वर्षी’ असं येतं, तोच हिशोब.

त्या लेखाची अक्षरंही निवांत बघा. जाड-बारीक रेषांचा तोल इतका नेमका आहे की आजही अक्षररचनेच्या वर्गात त्याचं उदाहरण देतात. १९८९मध्ये याच अक्षरांवरून ‘त्राजन’ नावाचा संगणकावरचा टाइपफेस तयार झाला. सिनेमांच्या पोस्टरवर तुम्ही तो असंख्य वेळा पाहिला आहे.

एका कमानीवर ओळीच्या मागे जुनी भोकं दिसतात. ती कसली?

फोरममधली सेप्तिमियुस सेव्हेरुसची कमान, इ.स. २०३. इथे निदान पंधरा मिनिटं थांबा.

कमान उभारली तेव्हा ती तिघांना अर्पण होती: सेव्हेरुस आणि त्याचे दोन मुलगे, काराकाल्ला आणि गेता. दगडात अक्षरांच्या खाचा खोदून त्यांत ब्राँझची अक्षरं खिळ्यांनी बसवलेली होती. २११मध्ये बाप वारला आणि दोन्ही भाऊ मिळून राज्य करू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस काराकाल्लाने गेताचा खून करवला. दिओ कासियुस हा त्या काळचा इतिहासकार सांगतो की आईच्या मिठीत असताना. मग साऱ्या साम्राज्यात गेताचं नाव पुसायचा हुकूम सुटला.

कमानीवरची चौथी ओळ गेताची होती. कारागिरांनी ती काढली, दगड तासला आणि त्या जागी बाप आणि मोठा मुलगा यांची स्तुती बसवली: ‘सर्वोत्तम आणि अत्यंत शूर राजांना’. पण जुन्या खिळ्यांची भोकं बुजली नाहीत. ती नव्या अक्षरांशी जुळत नाहीत. अभ्यासकांनी भोकांच्या जागा मांडून मूळ ओळ परत वाचली, आणि तिच्यात गेताचं नाव निघालं.

हे मुलांना दाखवताना मी आधी काहीच सांगत नाही. “चौथ्या ओळीत काय खटकतंय ते शोधा,” एवढंच म्हणते. एका वर्षी हॉस्टेलवर राहणाऱ्या, वर्गात फारसं न बोलणाऱ्या एका मुलाने दहा मिनिटांनी येऊन हळूच सांगितलं, “मॅडम, अक्षरांना जेवढी लागतील त्यापेक्षा भोकं जास्त आहेत.” पुस्तकातलं पान त्याने तोवर वाचलेलं नव्हतं.

तिथून वेलाब्रो या भागातल्या सावकारांच्या कमानीकडे चालत जाता येतं. ती इ.स. २०४मधली. आतल्या शिल्पात राजघराण्यातली माणसं उभी आहेत आणि गेताच्या जागी नुसता खरवडलेला दगड आहे.

कबरींवर ‘डी. एम.’ का असतं?

‘दिस मानिबुस’, म्हणजे पितरांच्या आत्म्यांना. आपल्या ‘कै.’सारखी ती सुरुवात असते. पुढे नाव, मग ‘विक्सित’, मग वय: किती वर्षं, किती महिने, किती दिवस. लहान मुलांच्या दगडांवर कधी तासही मोजलेले असतात. मोठ्यांची वयं मात्र पुष्कळदा पाचाच्या पटीत येतात, कारण जन्मतारीख कोणी नोंदवून ठेवत नसे. म्हणून ‘४० वर्षं जगला’ हे अंदाजे धरा.

नावापाठोपाठ ‘एफ’ऐवजी ‘एल’ आला तर तो माणूस कोणाचा मुलगा म्हणून नोंदलेला नाही. तो लिबेर्तुस आहे, मुक्त केलेला गुलाम, आणि बापाच्या जागी जुन्या मालकाचं नाव आहे. उलटा ‘सी’ दिसला तर मुक्त करणारी मालकीण होती. या एका अक्षराने एखादं आयुष्य कुठून सुरू झालं ते कळतं. म्हणूनच कबरींचे दगड मला कमानींपेक्षा जास्त प्रिय आहेत.

‘बारा पाट्या’ या रोमच्या जुन्या कायद्यानुसार नगरात दहन-दफन करायला बंदी होती, म्हणून कबरी वेशीबाहेर, रस्त्याकडेला. त्यामुळे बरेच दगड वाटसरूला हाक मारतात: थांब, वाच. पोर्ता माज्जोरेबाहेर, ट्रामच्या रुळांशेजारी एउरिसाकेस नावाच्या बेकरीवाल्याची कबर आहे. लेखात तो स्वतःला ‘पिस्तोर’ आणि ‘रेदेम्प्तोर’ म्हणवतो, म्हणजे पाववाला आणि कंत्राटदार. वरच्या पट्टीवर दळणं, मळणं, भट्टीत पाव घालणं, तराजूत तोलणं असं सगळं कोरलंय. याच कबरीशी जोडलेल्या दुसऱ्या लेखात बायकोबद्दल लिहिलंय: आतिस्तिया माझी बायको होती, फार चांगली बाई, तिच्या देहाचं जे उरलं ते या पावाच्या टोपलीत आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या सिंहदत्ताने आपण गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचे व्यापारी, असल्याचं सांगून दाराचं दान नोंदवलंय. जाण्याआधी एका रविवारी कार्ला करून या. धंद्याचा अभिमान दगडावर कसा उतरतो ते दोन्हीकडे दिसेल.

कमी प्रसिद्ध पण बघायलाच हवा असा एखादा लेख?

दोन सांगते. पहिला, फाब्रिकियुसचा पूल. इ.स.पू. ६२मधला हा पूल आजही पायी ओलांडता येतो. कमानीवर लिहिलंय की लुकियुस फाब्रिकियुस या रस्ते अधिकाऱ्याने तो बांधवून घेतला ‘आणि त्यानेच तो तपासून मंजूर केला’. पूल बांधणाऱ्याने मंजुरीची जबाबदारी स्वतःच्या नावावर दगडात कोरून घेतली आणि पूल दोन हजारांहून अधिक वर्षं उभा राहिला. स्पेलिंगही जुन्या वळणाचं आहे, ‘कुरावित’च्या जागी ‘कोएरावित’.

दुसरा, पँथिऑनच्या मागे सांता मारिया सोप्रा मिनेर्वा चर्चच्या भिंतीवरच्या पुराच्या पाट्या. तिबर नदीचं पाणी कुठवर चढलं ते त्यांत नोंदवलंय, आणि १५९८ची खूण सर्वांत वर आहे. सांगलीची एक विद्यार्थिनी त्या भिंतीपाशी गेली आणि हात वर करून बघू लागली. हात पुरला नाही. २०१९मध्ये तिच्या घरात पाणी शिरलं होतं. तिने लॅटिन वाचायचा प्रयत्नही केला नाही, पण आयर्विन पुलाच्या पातळीवर रात्र रात्र लक्ष ठेवलेल्या मुलीला ती पाटी समजायला भाषा लागली नाही. रोममधली पुराची सर्वांत जुनी पाटी तेराव्या शतकातली आहे, आर्को देई बांकी या बोळात. तिचा अर्थ असा: तिबर इथवर आली, पण गढूळ होऊन लगेच परत फिरली. ‘हुक’ हा शब्द शोधा, म्हणजे ‘इथवर’.

लॅटिन म्हणजे प्राचीनच ना?

नाही. फोरो इतालिकोमध्ये मुसोलिनीचा ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, आहे. त्यावर ‘मुसोलिनी डुक्स’, म्हणजे ‘नेता मुसोलिनी’, अशी रोमन वळणाची अक्षरं आहेत. तो १९३२चा. फॅसिस्ट राजवटीने स्वतःची कालगणना १९२२पासून सुरू केली होती, म्हणून त्या काळच्या इमारतींवर एखादा छोटा रोमन आकडा दिसला तर त्याला प्राचीन समजू नका. बादशाही थाट उसना घेण्यासाठी ती लिपी मुद्दाम निवडलेली होती.

मोबाइलने भाषांतर केलं तर चालेल?

पूर्ण वाक्यं असतील तर काम भागतं. तुटक शब्दांपुढे मोबाइल अडखळतो आणि भलतंच पण ठाम उत्तर देतो. आधी स्वतः वाचा, मग पडताळा. लॅटिन लेखांच्या मोठ्या संग्रहाचं काम बर्लिनमध्ये १८५३मध्ये थिओडोर मोमसेनच्या पुढाकाराने सुरू झालं. आज लाखो लेख ऑनलाइन शोधता येतात, दोन शब्द टाकले तरी लेख सापडतो. छापील वाचनात गोल कंस म्हणजे तोडलेला शब्द पुरा केलाय, चौकोनी कंस म्हणजे दगड तुटलाय आणि अक्षरं तर्काने भरली आहेत. दुहेरी चौकोनी कंस म्हणजे मुद्दाम खोडलेलं. गेताचं नाव तुम्हाला तिथे भेटेल.

फोटो नीट येत नाहीत. ठसा घेता येईल का?

ठसा घेऊ नका, हातही लावू नका. आपल्याकडे अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा हळद फासतात, ती सवय इथेच सोडून जा. तिथे स्मारकावर काही कोरणं किंवा फासणं हा गुन्हा आहे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरपं पडलं की झिजलेली अक्षरंही सावलीने उठून दिसतात. सावलीतल्या दगडाला मोबाइलच्या टॉर्चचा उजेड एका बाजूने, लांबून द्या. एक फोटो पूर्ण दगडाचा, एक आजूबाजूच्या जागेचा, मग जवळून ओळीओळीने. आणि वहीत हाताने उतरवून घ्या. उतरवताना जे दिसतं ते फोटो काढताना दिसत नाही.

मोकळा फक्त अर्धा दिवस आहे. कुठे जाऊ?

त्राजनचा स्तंभ, वेलाब्रोची कमान, फाब्रिकियुसचा पूल, पँथिऑन, मिनेर्वाची भिंत, त्रेव्ही. सगळं चालत होतं आणि बाहेरूनच वाचायचं असल्यामुळे तिकीट लागत नाही. पाऊस लागला तर तेर्मिनी स्टेशनसमोर दिओक्लेतियनच्या स्नानगृहातल्या संग्रहालयात शिरा. तिथे खास शिलालेखांचा विभाग आहे. तो दोन तासांत होत नाही.

जाण्याआधी इथेच सराव करता येईल का?

येईल. मुंबईत सेंट झेव्हियर्स कॉलेजचं बोधवाक्य लॅटिन आहे: ‘प्रोव्होकान्स आद व्होलांदुम’, म्हणजे पिलांना उडायला लावणारा. गोव्यात आणि वसईत क्रुसांवर ‘आय-एन-आर-आय’ असतं: नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. जुन्या गोव्यात बॉम जेझुसच्या दर्शनी भागावर ‘आय-एच-एस’ आहे. ही अक्षरं मुळात ग्रीक, येशूच्या नावातली पहिली तीन. मधला एच म्हणजे ग्रीक ‘ई’. हीच खूण रोममध्ये जेझू चर्चच्या दारावर आहे. फ्रान्सिस झेव्हियरचा देह बॉम जेझुसमध्ये आहे आणि उजवा हात रोमच्या जेझूमध्ये, उजवीकडच्या वेदीवर. आत जाण्याआधी दर्शनी भागावरचं नाव वाचा: कार्डिनल अलेक्झांडर फार्नेझे, १५७५, आणि तोच शब्द, ‘फेकित’.